नातवासाठी थेरपीचा झोका, ब्लँकेट, दिवे... नेमकं घ्यावं काय?

तात्या फिटर

नमस्कार मंडळी. नातू साडेसहा वर्षांचा, ऑटिझम आहे. शब्द मोजके, पण कळतं सगळं. माझा चष्मा कुठे ठेवलाय हे घरात फक्त त्यालाच ठाऊक असतं. ऑक्युपेशनल थेरपी चालू आहे. तिथल्या खोलीत पोरगं असं खुलतं की घरची मधली खोली त्याच्यासाठी मोकळी करायचं ठरलंय. मुलगा-सून कामावर जातात, दिवसभर घरात आजी, मी आणि तो. म्हणून सामान निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

कॅटलॉग उघडला आणि चक्रावलो. झोक्यांच्याच कितीतरी जाती: सपाट फळीचा, आडव्या लोडाचा, ताणल्या जाणाऱ्या कापडाच्या झोळीचा, टायरचा. पुढे ट्रॅम्पोलिन, बॉलपूल, वजनदार ब्लँकेट, वजनदार जॅकेट, बुडबुड्यांचा रंगीत खांब, काटेरी चेंडू, चावायची पदकं. आणि खाली सगळीकडे तोच मजकूर: एकाग्रता वाढते, मन शांत होतं, सर्वांगीण विकास होतो. माझी हयात मशिनच्या मेंटेनन्समध्ये गेली. एकच पाना सगळ्या नटांना बसतो म्हणणाऱ्याकडून मी कधी काही घेतलं नाही.

तेव्हा आधी पोराच्या तऱ्हा सांगतो. स्वतःभोवती गरगर फिरतो, चक्कर म्हणून येत नाही. पण फिरून झालं की पुढे बराच वेळ घरभर सैरावैरा पळतो, कुणाच्या हाती लागत नाही. कपाट आणि भिंतीच्या मधल्या फटीत पाठ घुसवून उभा राहतो, नाहीतर गादीखाली शिरतो आणि मला वर बसायची खूण करतो. शर्टाची कॉलर चावून चावून ओलीगच्च. मिक्सर लागला की कानांवर हात. आणि एक कोडं: इतका गरगरणारा मुलगा, पण केस धुताना डोकं मागे झुकवलं की जिवाच्या आकांताने ओरडतो.

झोका कोणता घ्यावा? तो पंख्याच्या हुकाला टांगला तर चालेल का? (हूक चांगला जाड आहे.) एक नातेवाईक वजनदार ब्लँकेट भेट देतो म्हणतात, झोप सुधारते म्हणे, हो म्हणू का? आणि आजीला तो बुडबुड्यांचा खांब फार आवडलाय.


झोके आणि गाद्या

तात्या, मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. 'ऑटिझमसाठी कोणतं खेळणं चांगलं' एवढंच विचारलं असतंत तर मी गप्प बसले असते, कारण त्याला उत्तर नाही. तुम्ही तऱ्हा लिहिल्यात, त्यावर बोलता येतं. तरी हे सगळं तुमच्या थेरपिस्टला दाखवा. तिने मुलाला पाहिलंय, मी नाही.

आधी ते कोडं. आतल्या कानात तोलाची खबर देणारे दोन वेगळे भाग असतात. तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोकं फिरतंय का ते सांगतात. ओटोलिथ म्हणतात ते भाग डोकं कुठे कललंय आणि शरीर सरळ रेषेत सरकतंय का ते सांगतात. एका प्रकारच्या खबरीची भूक आणि दुसरीची धास्ती, असं एकाच मुलात असू शकतं. म्हणून 'याला हलायला आवडतं' एवढ्यावर जाऊन त्याला मोठ्या चेंडूवर उताणं लोळवू नका. केसही मान पुढे वाकवून, हनुवटी छातीशी ठेवून धुऊन बघा.

आता झोका. गोल फिरण्याने मूल चेतवलं जातं, आणि तो परिणाम फिरणं थांबल्यावरही रेंगाळतो. तुमच्या घरी पुढची पळापळ होते ती बहुधा हीच. उलट एका रेषेत, संथ, ठरलेल्या लयीत पुढे-मागे झुलणं बऱ्याच मुलांना शांत करतं. कॅटलॉग मात्र झोक्याचा आकार विकतो. झोका फिरेल की झुलेल हे आकारापेक्षा टांगणीवर ठरतं. तीच फळी वर एका बिंदूला टांगली की भिरभिरते, दोन बिंदूंना टांगली की पुढे-मागे जाते. तुमच्याकडे सपाट फळी, दोन बिंदूंवर. फिरण्याची त्याची भूक थेरपीच्या खोलीत भागू दे, तिथे मधे थांबवून बघणारं कुणीतरी असतं.

उंची किती? बसल्यावर त्याची पावलं फरशीला टेकली पाहिजेत, पालथं झोपल्यावर हात. चारचौघांना हे बुटकं वाटेल. पण पाय टेकतात म्हणजे थांबवणं त्याच्या ताब्यात राहतं. सामान बघताना माझी कसोटी एकच असते, आणि ती मी पळणाऱ्या मुलाला लावते तशीच व्हीलचेअरमधल्या मुलालाही: सुरू कोण करतं आणि थांबवतं कोण? दोन्हीचं उत्तर 'मोठी माणसं' असेल, तर ते मुलाचं खेळणं नव्हे. ए. जीन एअर्स या अमेरिकी थेरपिस्टनी १९६० आणि ७०च्या दशकांत संवेदनांच्या एकत्रीकरणाची मांडणी केली, आणि हे झोके-लोड आमच्या खोल्यांमध्ये आले ते त्यांच्या कामातून. त्या मांडणीतही मुलाचा पुढाकार आधी येतो. आपण झोका आणतो, पुढाकार खोक्यातून येत नाही.

खरं तर झोक्याच्याही आधी मी गाद्या घेईन. फटीत घुसणं, गादीखाली शिरून वर बसायला सांगणं, कॉलर चावणं, हे सगळं एकाच दिशेला बोट दाखवतं: त्याला स्नायू-सांध्यांवर दाब हवाय, ओढ हवीय. हे सामान घरातच असतं. जुन्या उशा आणि स्पंजचे तुकडे एका मोठ्या मजबूत खोळीत भरून शिवा, झाली उडी मारायची गादी. दोन गाद्यांच्या मधे पडून राहायला त्याला आवडेल. दाब किती हवा हे तोच सांगेल, मान-चेहरा कायम बाहेर. ताणणाऱ्या लायक्रा कापडाची झोळी केलीत तर ती अंगाला चहूकडून लपेटते, फटीत मिळतं तेच तिथे मिळतं. आणि ढकलायचं काम द्या: कपड्यांची भरलेली बादली, पुस्तकांचं खोकं खोलीच्या या टोकाकडून त्या टोकाला. आजोबांसोबत सामान हलवणं ही कॅटलॉगात नसलेली उत्तम थेरपी आहे.

वजनदार ब्लँकेटबद्दल स्पष्ट सांगते. ब्रिटनमध्ये ऑटिझम असलेल्या मुलांवर झालेल्या चाचणीत (२०१४, निष्कर्ष ६७ मुलांचे) वजनदार आणि साधं ब्लँकेट यांत झोपेच्या वेळेत फरक दिसला नाही. मुलांना आणि पालकांना मात्र वजनदार जास्त आवडलं. म्हणजे आवड म्हणून वापरा, झोपेचं औषध म्हणून नको. 'शरीराच्या दहा टक्के वजन' हा आकडा सगळीकडे फिरतो, पण तो प्रघात आहे, भक्कम पुराव्यावर उभा नाही. न मोडता येणारा नियम एकच: मुलाला ते स्वतःच्या हाताने, क्षणात भिरकावता आलं पाहिजे. २००८मध्ये कॅनडातल्या क्वेबेकमध्ये ऑटिझम असलेला नऊ वर्षांचा मुलगा शाळेत अशा ब्लँकेटमध्ये गुंडाळलेला असताना दगावला. गुंडाळायचं नाही, चेहऱ्यावर घ्यायचं नाही, शिक्षा म्हणून तर नाहीच. फिट्स, श्वासाचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टर.

बुडबुड्यांच्या खांबाला हवेचा पंप असतो आणि तो चालू असेपर्यंत गुणगुणतो. मिक्सरला कान झाकणाऱ्या मुलाला त्या खोलीत बसवणार? आधी कुठे चालू असलेला मिळाला तर डोळे मिटून त्याचा आवाज ऐका, आजींनाही ऐकवा.

चावायला कॉलरऐवजी सिलिकॉनचं जाडजूड काही द्या. गळ्यात अडकवणार असाल तर ओढ बसताच सुटणारी कडी हवी. तुकडा तुटतोय का ते रोज बघा. खोक्यावरचं '३ वर्षांवरील' हे वय तुमच्या नातवाला लागू नाही: जोवर वस्तू तोंडात जातात तोवर तीनच्या आतल्या मुलासाठी लावतो तेच निकष. बटण-सेल असलेलं खेळणं, ज्याचं झाकण स्क्रूने बंद नाही, ते घरात नको. अन्ननलिकेत अडकलेला बटण-सेल दोन तासांत आत भाजायला लागतो.


स्लॅबवाला

फक्त हुकाबद्दल. तात्या, पंख्याच्या हुकाला हात लावू नका. जाडी फसवी असते. प्रश्न तो काँक्रीटमध्ये किती खोल, कशाला अडकवलाय याचा आहे, आणि ते खालून दिसत नाही. शिवाय पंख्याचं वजन जवळपास स्थिर असतं, झोक्याचं नसतं. झोका उभ्या रेषेपासून ६० अंशांपर्यंत गेला तर तळाशी दोरावर वजनाच्या दुप्पट ताण येतो. हे गुळगुळीत झुलण्याचं गणित झालं. पोरगं धावत येऊन आदळलं, किंवा दोर सैल पडून परत ताणला गेला, की झटका याहून कितीतरी मोठा.

बीम असेल तर इमारतीचं काम कळणाऱ्या माणसाला दाखवून बीमला टांगा. पीओपीच्या खोट्या छताला तर काहीच नाही. भाड्याचं घर असेल, बीम सोयीचा नसेल, तर जमिनीवर उभी राहणारी लोखंडी घोडी घ्या, पाया रुंद असलेली.


तात्या फिटर

स्लॅबवाले, गणित पटलं. मी त्याचं आणि माझं वजन धरून विचार करत होतो (मीही एकदा तरी बसणारच), त्यात तुमचा झटका धरला की हूक बाद. घोडीच करतो. वरच्या कड्या बेअरिंगवर घेऊ की साध्या? आणि कुलूपवाले कॅराबिनर, म्हणजे दोर अडकवायच्या उघडमिट कड्या, मिळतात ना?

ताई, पुस्तकांचं खोकं आज ढकलून झालं. आजीच्या आवडत्या खांबाचा विषय मी अजून काढलेला नाही.


स्लॅबवाला

दोन बिंदूंवर पुढे-मागेच जायचंय, तेव्हा वर गोल फिरणारा स्विव्हल नको. झुलण्यासाठी बेअरिंगची कडी चांगली, करकर कमी आणि झीजही कमी. कॅराबिनर स्क्रूवाले, भार छापलेले घ्या. बाकी तुम्हाला काय सांगायचं: धातूवर धातू घासतो तिथे दर महिन्याला बोट फिरवा, खाच लागली की बदला.


मुठीएवढी आई

वरचं सगळं पळणाऱ्या मुलांचं झालं. माझ्या लेकीला सेरेब्रल पाल्सी आहे, जीएमएफसीएस या हालचालीची क्षमता सांगणाऱ्या श्रेणीच्या पाच पातळ्यांपैकी चौथी, म्हणजे स्वतःहून फिरणं जवळजवळ नाही. अशी मुलं असलेल्यांसाठी लिहिते, कारण आम्हाला लोक भेट देतात ती खेळणी सगळी दोन हातांनी खेळायची असतात.

आमच्याकडे आधी बैठक, मग खेळणं. पाय हवेत लोंबत असले की तिची सगळी ताकद न पडण्यातच जाते. कोपऱ्यासारखी पाठ असलेली खुर्ची, पावलांखाली घट्ट फळी, कोपर टेकतील एवढ्या उंचीचं टेबल. हे जमल्यावर तोच हात जो 'चालत नाही' म्हणून सांगितला होता, तो टेबलावर सरकायला लागला. महागडी खेळणी लहान मुलांच्या बाकावर बसवून दाखवणाऱ्यांना मला हे सांगावंसं वाटतं.

मग स्विच. बॅटरीवर नाचणारं साधंसं माकड घ्यायचं. सेल आणि त्याच्या स्प्रिंगच्या मधे तांब्याच्या दोन पातळ चकत्या, मधे इन्सुलेशन, अशी एक पट्टी सरकवायची. तिची वायर बाहेर ३.५ मिलिमीटरच्या सॉकेटला. त्यात मोठं बटण लावलं की माकड बटणावर नाचतं. पट्टी तयार मिळते, घरीही होते, तात्यांना तर डाव्या हाताचा मळ. मात्र हे सेलवाल्या खेळण्यांपुरतंच. भिंतीच्या विजेवर चालणारं काही उघडायचं नाही.

बटण हातापाशीच पाहिजे असं काही नाही. शरीराचा कोणता भाग सगळ्यात खात्रीने हलतो ते बघा. आमच्याकडे उजवा गाल. गालाशी बटण लावलं, आणि खरी परीक्षा माझी सुरू झाली: गप्प बसायची. डोकं वळवायचं ठरवणं, वळवणं, बटण दाबणं, यात एवढा वेळ जातो की बघणाऱ्याचे हात शिवशिवतात. मधेच आपण दाबलं की माकड नाचतं, पण ते तिने नाचवलेलं नसतं. झोकेवाल्या ताईंची कसोटी म्हणूनच मला पटली.

आणि विकत घेण्याआधी उसनं घ्या. जिथे खेळण्यांचं ग्रंथालय आहे तिथे नाव घाला, नसेल तर थेरपी सेंटरमधल्या चार पालकांनी मिळून एक कपाट करा. स्टॉकहोममध्ये १९६३ साली अपंग मुलांसाठी लेकोटेक नावाचं असंच ग्रंथालय सुरू झालं, त्यामागे पालकही होते. एका मुलाला नको झालेलं दुसऱ्याच्या हातात जादू करतं.


एक प्रश्न आगाऊ

मधेच घुसतोय. भाचीला डाउन सिंड्रोम आहे, वय पाच. घरात ट्रॅम्पोलिनचा हट्ट चाललाय. घ्यावं का?


झोके आणि गाद्या

नाही. बालरोगतज्ज्ञ सहा वर्षांखालच्या कुठल्याच मुलाला ट्रॅम्पोलिनवर सोडू नका म्हणतात. डाउन सिंड्रोममध्ये मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमधला सांधा सैल असू शकतो, आणि उडी-कोलांटी तिथेच ताण देते. पुढेही डॉक्टरांना विचारूनच. मान दुखणं, मान एका बाजूला धरणं, चाल बदलणं, हातापायांत जोर कमी होणं, शी-शूवरचा ताबा अचानक जाणं, यातलं काही दिसलं तर थांबू नका, त्याच दिवशी दाखवा. उड्यांची हौस असेल तर मोठ्या शेंगदाण्याच्या आकाराच्या थेरपी बॉलवर, पाय जमिनीवर आणि कुणीतरी धरून, हळू हिंदकळणं विचारून बघा. तो गोल चेंडूसारखा बाजूला घरंगळत नाही.


हेडफोनवाला

मी स्वतः ऑटिस्टिक आहे, सव्वीस वर्षांचा. थोडं उलटं बोलतो. मुलाच्या खोलीतली प्रत्येक वस्तू काहीतरी 'वाढवण्यासाठी' असेल तर ती खोली म्हणजे वर्ग झाला. मला लहानपणी गोल फिरायला आवडायचं, आजही ऑफिसची खुर्ची मी दिवसातून फिरवतोच. फिरणं थेरपीच्या वेळेपुरतं ठेवा हे मला पटत नाही.

आणि तात्या, एक कोपरा पूर्ण रिकामा ठेवा. पडदा लावा, आत काहीच नको. तो आत गेला की कुणी बोलवायचं नाही, खेळायला सुचवायचं नाही. तुमच्या खोलीतली सगळ्यात जास्त वापरली जाणारी वस्तू ती असेल, पैज.


झोके आणि गाद्या

रिकामा कोपरा, मान्य. मी लिहायला हवं होतं त्यापेक्षा तुम्ही चांगलं लिहिलंत. फिरण्याबद्दल अर्धं मान्य. तो आपला आपण फिरतो त्याला कुणी अडवू नये. पण एका बिंदूवर टांगलेल्या झोक्यावर मोठ्या माणसाने फिरवलं की वेग आणि वेळ दोन्ही मुलाच्या हातून जातं, आणि बोलणं मोजकं असलेल्या मुलाचं 'बस' आपल्याला वेळेवर ऐकू येत नाही. चेहरा पांढरा पडणं, घाम, जांभया, हे त्याचं 'बस' असतं. तात्या, जांभई दिसली की झोपेची समजू नका, थांबवा.


तात्या फिटर

हेडफोनवाले, पैज घेत नाही, हरणार हे दिसतंय. कोपऱ्याला पडदा आजी शिवतेय, त्यात तिचा खांबही विस्मरणात गेला. ब्लँकेटवाल्या नातेवाइकांना जाड गाद्यांचं कापड आणा म्हणून सांगितलंय.

शेवटचं विचारतो. लायक्राची झोळी शिवायला कापड आणायला निघालोय. दुकानात काय बघू? आणि घोडीच्या पुढे-मागे जागा किती सोडू?


झोके आणि गाद्या

कापड आधी उभं ओढा, मग आडवं. दोन्हीकडे ताणलं गेलं आणि सोडल्यावर मूळ जागी आलं तरच घ्या. एकाच दिशेने ताणणारं घेतलंत तर झोळी एका अंगाला लोंबते आणि मूल त्या बाजूला घरंगळतं. दुहेरी घ्या. गाठ मारलेल्या जागी काही दिवसांनी उजेडात धरून बघा, धागे विरळ दिसले की कापड बदला. पहिल्यांदा त्यात स्वतः बसू नका, वाळूची पोती ठेवून झुलवा.

जागेचं म्हणाल तर आकड्यावर जाऊ नका. पोतं ठेवून झोका तो नेईल त्याहून जास्त लांब न्या, पुढे आणि मागे, आणि फळीवर आडवं पडलेल्या मुलाचे हातपाय बाहेर येतात ते धरून जागा मोजा. त्या सबंध पट्ट्यात ती उडी मारायची गादी पसरा. कपाटाचे कोपरे त्या पट्ट्यात येत असतील तर कपाट हलवा, नातू ढकलायला आहेच.